निवडणुकीतला पैसा आणि प्रचार: अभ्यास सुरू कुठून करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्रात पीएच.डी. करायची आहे, विषय निवडणूक खर्च आणि राजकीय प्रचार. मार्गदर्शक म्हणतात, उमेदवारांनी दिलेले आकडेच खोटे, त्यावर प्रबंध कसला उभा राहणार? तर आपल्याकडे हा विषय खरंच अभ्यासता येतो का, आणि पैशाने मतं मिळतात की नाही याचं उत्तर संशोधनातून मिळतं का?

अभ्यासता येतो. मी गेली बावीस वर्षं महाराष्ट्रात हेच काम करते आहे, तेव्हा ठामपणे सांगते. तुमच्या मार्गदर्शकांचं अर्धं म्हणणं खरं आहे, आकडे खोटे असतात. पण म्हणून विषय सोडून द्यावा असं नाही. आपली गफलत प्रश्नातच होते. ‘एकूण किती पैसा लागला?’ हा प्रश्न घेऊन आपण बसतो, आणि त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. उमेदवाराकडेसुद्धा नसतं, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. पैसा पाच-सहा हातांतून खाली जातो, प्रत्येक हात आपापलं राखून पुढे देतो आणि वरच्याला खालचा हिशेब कधीच पुरता कळत नाही. त्याऐवजी हे विचारा: हा पैसा कशाचं रूप घेतो, कोणाच्या हातून जातो आणि त्यातून मतदाराला नेमकं काय सांगितलं जातं? निवडणुकीतला बहुतेक पैसा काहीतरी सांगण्यासाठीच खर्च होतो. मंडप, गाड्यांचा ताफा, जेवणावळ, फ्लेक्स हा सगळा संवादच आहे. म्हणून खर्चाचा अभ्यास एकीकडे आणि प्रचाराचा दुसरीकडे, असं दोन खात्यांत वाटून काम करू नका.

आधी कायदा पक्का करा, कारण प्रचाराचं रूप बऱ्याच अंशी कायद्यानेच ठरतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च लिहून ठेवायचा आणि कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा. आजची मर्यादा महाराष्ट्रासारख्या राज्यात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख, ती जानेवारी २०२२ मध्ये ठरली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्चही, उमेदवाराच्या संमतीने झाला असेल तर, त्याच्याच खात्यात धरायला हवा. काही आठवड्यांतच वटहुकूम निघाला, मग कायदा बदलला आणि पक्षाचा व समर्थकांचा खर्च हिशेबाबाहेर गेला. ती पळवाट २००३ मध्ये बरीचशी आवळली गेली, पण स्टार प्रचारकांचा, म्हणजे पक्षाने यादीत नाव दिलेल्या नेत्यांचा, प्रवासखर्च अजूनही उमेदवाराच्या माथी लागत नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक देता येतात.

आता या एका तरतुदीचा प्रचारावर काय परिणाम होतो तो बघा. सभेत उमेदवार मंचावर असेल, किंवा त्याचं नाव-फोटो लागला असेल, तर सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या खात्यात येतो. नुसता नेता आणि चिन्ह असेल तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. मग छापणारा काय छापेल? नेत्याचा चेहरा, पक्षाचं चिन्ह, एक घोषणा आणि खाली कोरी जागा. आपल्याकडे निवडणुका नेत्याच्या चेहऱ्यावर का लढल्या जातात याची मोठमोठी कारणं आपण देतो आणि ती चुकीचीही नाहीत. पण त्यात हिशेबनिसाचा हात किती, हे कोणी मोजत नाही. हा एक प्रबंध होऊ शकतो. एका मतदारसंघातली छापील पत्रकं गोळा करा. कलम १२७अ मुळे प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रतींची संख्याही, आणि प्रती जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा होतात. कोणत्या पत्रकावर उमेदवार आहे, कोणत्यावर नाही आणि प्रकाशक कोण, एवढ्या तीन रकान्यांतून किती दिसतं ते करून पाहा.

कलम ७७ मधला दुसरा शब्द म्हणजे ‘अर्ज भरल्याच्या दिवसापासून’. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. अर्ज भरण्याआधी केलेला खर्च हिशेबात येत नाही. म्हणून खरा प्रचार आधीच्या दोन वर्षांत होतो. वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडीची बक्षिसं, गणेश मंडळांना वर्गणी, आरोग्य शिबिरं, महिलांसाठी हळदीकुंकू, बस भरभरून देवदर्शनाच्या सहली. आचारसंहिता लागायच्या आधी या माणसाचं नाव घराघरांत पोचलेलं असतं. शेवटच्या तीन आठवड्यांत जे दिसतं ते बरंचसं आधीच्या कामाची उजळणी असते. निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदवही घेऊन निघणारा संशोधक उशिरा पोचलेला असतो. मीही पहिल्या दोन निवडणुकांत अशीच उशिरा पोचले होते आणि त्या दोन्ही वेळच्या माहितीतून मला काही म्हणजे काही निष्पन्न करता आलं नाही.

आता कागदपत्रांकडे येते. बहुतेक विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसतं की निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ८८ नुसार कोणाही व्यक्तीला एक रुपया शुल्क भरून उमेदवाराचा हिशेब पाहता येतो आणि ठरलेलं शुल्क भरून साक्षांकित प्रती मिळतात. खर्चाचे गोषवारे आता संकेतस्थळांवरही चढवले जातात, पण गोषवाऱ्यावर समाधान मानू नका. मूळ नोंदवही मागा. तिचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. दुसऱ्या बाजूला खर्च निरीक्षकांच्या पथकाने ठेवलेलं शॅडो रजिस्टर असतं, म्हणजे व्हिडिओ पथकाने सभा पाहून, खुर्च्या मोजून, दरसूचीप्रमाणे लावलेला खर्च. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडपाचा चौरस फूट, ढोल-ताशा, सगळ्याचे दर जिल्ह्याने आधी ठरवलेले असतात. प्रचारकाळात किमान तीनदा दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या जातात.

एका तालुक्याच्या ठिकाणी मी अशा दोन वह्या शेजारी ठेवून चार दिवस बसले होते. एकाच संध्याकाळच्या एकाच सभेची नोंद. उमेदवाराच्या पांढऱ्या पानावर खुर्च्या ३००. पथकाच्या वहीत १,२००. तपासणीनंतर उमेदवाराने १,२०० मान्य केल्या होत्या, मुकाट्याने, एकही हरकत न घेता. दुसऱ्या पानावर मात्र एका साध्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यावरून तीन पत्रांची लढाई. मला प्रश्न पडला, खुर्च्यांवर गप्प आणि भोंग्यावर भांडण, असं का? पुढे उमेदवाराच्या हिशेबनिसाशी बोलल्यावर उलगडा झाला. खुर्च्या मान्य केल्या की ती सभा ‘मोठी’ म्हणून नोंदली जाते आणि मर्यादेत अजून भरपूर जागा होती. भोंग्याचं भाडं मात्र अशा गाडीचं होतं जी उमेदवाराने आपली म्हणून दाखवलीच नव्हती. भाडं मान्य केलं असतं तर गाडी मान्य होत होती, आणि गाडीमागून आणखी अकरा गाड्या. खोट्या हिशेबाचा अभ्यास करायचा तो असा. आकडा खरा की खोटा हे सोडा, कोणती ओळ वाचवण्यासाठी माणूस भांडतो ते पाहा. जिथे भांडण, तिथे काहीतरी दडलेलं असतं.

घोषित आणि खरा खर्च यांतली दरी किती असते, याचा जाहीर दाखला हवा असेल तर जून २०१३ मधला आहे. गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात सांगितलं की २००९ च्या लोकसभा निवडणुकीला त्यांना ८ कोटी खर्च आला. त्या वेळची मर्यादा २५ लाख होती. आयोगाने नोटीस काढली. मला त्या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते हे की एका मोठ्या नेत्याने सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोकळेपणाने बोलून दाखवली आणि पुढे बोलणारे आणखी सावध झाले. अशा एका आकड्यावरून राज्याची सरासरी काढू नका. मर्यादेच्या खाली आरामात बसणारे घोषित आकडे मात्र याच पार्श्वभूमीवर वाचा.

मग खरा पैसा कधी कागदावर दिसतच नाही का? दिसतो, पण तो शोधायचा त्याच्या मूळच्या ठिकाणी, जिथून तो निघतो तिथे. या बाबतीत दोन अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावते. एक संदीप सुखटणकर यांचा, आपल्याच साखर कारखान्यांवरचा. महाराष्ट्रातले १८३ कारखाने, १९९३ ते २००५ हा काळ. यातल्या निम्म्याहून अधिक कारखान्यांचे अध्यक्ष कधी ना कधी विधानसभा किंवा लोकसभेला उभे राहिलेले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: अध्यक्ष निवडणुकीला उभा असलेल्या वर्षी त्या कारखान्याने शेतकऱ्याला उसाचा भाव किती दिला? भाव त्या वर्षी घसरतो असं दिसलं. उत्पादनक्षमता वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही घसरतो. म्हणजे शेतकऱ्याच्या बिलातून निवडणुकीचा पैसा निघत असल्याची खूण. पुढे अध्यक्ष निवडून आला तर सभासदांना चांगल्या भावाच्या रूपाने काही परत मिळत असावं, असंही त्या अभ्यासात दिसतं, आणि हा भाग लोक सांगायला विसरतात. सहकारात वाढलेल्या कोणालाही हे ऐकून धक्का बसणार नाही. पण गावच्या पारावर बोललं जाणारं आणि आकड्यांनी दाखवलेलं, यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि ते अंतर तोडणं हेच आपलं काम.

दुसरा देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांचा. बिल्डरकडे राजकारण्यांचा पैसा गुंतलेला असेल तर निवडणुकीच्या वेळी तो तिकडून काढावा लागेल, बांधकामं मंदावतील आणि सिमेंटचा खप उतरेल, असा त्यांचा तर्क. राज्यांच्या महिनावार सिमेंट खपाचे आकडे घेऊन त्यांनी विधानसभा निवडणुकांच्या आसपास अशी घट दाखवली. कोणाच्या घरावर छापा नको, कोणाची कबुली नको. सिमेंटच्या गोणीने साक्ष दिली. तुमच्या जिल्ह्यात अशी कोणती गोष्ट आहे जिचा मासिक किंवा वार्षिक आकडा सरकारी दप्तरात असतो आणि जिच्यात राजकीय पैसा फिरतो? ती सापडली तर अर्धा प्रबंध झाला असं समजा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: पैशाने मतं मिळतात का?

या प्रश्नाचा सापळा असा की पैसा आणि मतं एकमेकांमागे फिरतात. गॅरी जेकबसन यांनी १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांवर दाखवलं की पदावर असलेला उमेदवार जितका जास्त खर्च करतो तितका त्याचा निकाल वाईट लागतो. खर्चाने नुकसान होतं म्हणून नव्हे. जागा धोक्यात आहे हे कळल्यावरच तो पैसा ओततो म्हणून. आव्हान देणाऱ्याच्या खर्चाचा मात्र त्याला फायदा होताना दिसतो. म्हणजे ‘जास्त खर्च, जास्त मतं’ अशी सरळ रेघ ओढली की निष्कर्ष उलटा निघू शकतो. आपल्याकडे त्यात भर अशी की निवडून येणाऱ्याकडेच पैसा धावतो. देणगीदार पैजा लावतो, आणि जिंकणाऱ्या घोड्यावरच लावतो.

हा सापळा टाळायला प्रयोग हवेत. २००६ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या मोहिमेत रिक पेरी यांच्या बाजूने सुमारे २० लाख डॉलरच्या टीव्ही-रेडिओ जाहिराती कुठे आणि कधी सुरू करायच्या, हे संशोधकांनी यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. परिणाम जोरदार दिसला आणि आठवडाभरात विरूनही गेला. पुढे २०१८ मध्ये जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी ४९ क्षेत्रप्रयोग, म्हणजे खऱ्या मतदारांवर प्रत्यक्ष मोहिमेत केलेले प्रयोग, एकत्र तपासले, तेव्हा सार्वत्रिक निवडणुकीत मन वळवण्याच्या प्रचाराचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पण हे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे आणू नका. तिथे मतदार पक्षाला घट्ट बांधलेला असतो आणि प्रचार म्हणजे मुख्यतः टीव्ही. आपल्याकडे प्रचार माणसांच्या साखळीतून होतो.

आणि साखळीत काय घडतं ते मुंबईत पाहिलं गेलं आहे. लिसा ब्योर्कमन यांनी मुंबईच्या महापालिका निवडणुकीत रोकड कशी फिरते ते जवळून पाहून मांडलं की पैसा मत ‘विकत’ घेत नाही, तो माणसांमधली नाती उभी करतो आणि टिकवतो. सिमॉं शोशार यांनीही मुंबईतल्या उमेदवारांचा अभ्यास करून जवळपास तिकडेच बोट दाखवलं: वाटलेल्या पैशाने मत मिळेल याची उमेदवाराला खात्री नसते, मतदान गुप्त असतं, मधले हातही पैसे गिळतात, तरी वाटप थांबत नाही, कारण समोरचा वाटतोय. आपण थांबलो तर मागे पडू, एवढी भीती पुरते. ग्रामीण महाराष्ट्रात मला हेच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं, जरा वेगळ्या शब्दांत. शेवटच्या दोन रात्री ‘लक्ष्मीदर्शन’ झालं नाही तर गावात बोभाटा होतो की गडी पडणार, पैसे संपले, वरून रसद तुटली. आणि पडणाऱ्याच्या मागे राहायला कार्यकर्ता तयार नसतो, कारण पुढची पाच वर्षं त्याला दाखला, बदली, रस्ता, विहीर यांसाठी कोणाच्या तरी दारात जायचं असतं.

मी यातून जे काही शिकले ते असं की वाटलेला पैसा हा निरोप असतो. मतदारासाठी असतो त्याहून जास्त तो कार्यकर्त्यासाठी असतो: मी शर्यतीत आहे, माझ्यामागे माणसं आहेत, तू चुकीच्या बाजूला उभा नाहीस. म्हणून ‘पाचशे रुपये घेऊन मत दिलं का?’ असं मतदाराला विचारणारी पाहणी मला पोकळ वाटते. ‘पैसे कोणी आणून दिले, त्याचं तुमचं नातं काय, दुसऱ्या बाजूचे पैसे घेऊन कोण आलं होतं?’ हे विचारा. दोन्हीकडून घेणारे, एका बाजूचे परत करणारे, ओळखीचा माणूस आणून देत नसेल तर न घेणारे, असे सगळे भेटतील. या निवाड्यांमागे लोकांची स्वतःची नीती असते आणि ती पुस्तकातल्या ‘मतविक्री’ या शब्दात मावत नाही.

आयोगाच्या जप्तीच्या आकड्यांबद्दल एक इशारा, कारण विद्यार्थी ते वाटपाचे आकडे म्हणून वापरतात. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी १ मार्च ते १३ एप्रिल या काळात ४,६५० कोटींहून अधिक जप्ती झाल्याचं आयोगाने सांगितलं. त्यात अमली पदार्थच सुमारे ४५ टक्के होते आणि रोकड ४०० कोटींच्या आत. मथळा आणि रोकड यांत इतकं अंतर.

प्रचारमाध्यमांवर काम करायचं असेल तर वर्तमानपत्रांपासून सुरुवात करा, तिथली शिस्त पुढे डिजिटलला उपयोगी पडते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एकाच नेत्याची भलामण करणारा मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता, बातमी म्हणून. २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांचा, सविस्तर अहवाल दिला. मे २०१४ मध्ये त्याच नेत्याच्या निवडणूक हिशेबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की उमेदवाराचा हिशेब वेळेत आला का एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. त्याच प्रकरणातला आयोगाचा आदेश पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही लिहायला विसरू नका. पण पद्धत टिकते: एका तारखेचे सगळे पेपर शेजारी ठेवायचे आणि सारखी वाक्यं शोधायची. आता हेच काम संगणक मिनिटात करतो. हरवलेला विरोधी उमेदवार तुम्हाला तिथे सापडेल, म्हणजे ज्याची तीन आठवड्यांत एकही बातमी नाही तो. त्याच्याकडे अशा बातम्यांच्या पॅकेजचे पैसे नव्हते का, हे मग शोधायचं. गैरहजेरी मोजणं अवघड असतं, पण फार बोलकं असतं.

डिजिटल बाजूला, फेसबुकची जाहिरात लायब्ररी भारतात २०१९ च्या लोकसभेच्या आधी सुरू झाली आणि गूगलची नोंदही त्याच सुमारास. जाहिरात, पैसे देणाऱ्याचं नाव, खर्चाचा टप्पा, कुठे दिसली, एवढं मिळतं. खर्च नेमका मिळत नाही, अमुक ते अमुक असा मिळतो, म्हणून बेरीज करताना खालची आणि वरची अशा दोन्ही बेरजा लिहा. खरी मेख ‘पैसे देणारा’ या रकान्यात आहे. पक्षाच्या नावाने आलेल्या जाहिरातींचा बाज सभ्य असतो. विकासकामं, योजना, नेत्याचा हसरा फोटो. विखार असतो तो मराठी अस्मितेच्या किंवा गावाच्या नावाने चालणाऱ्या, मालक न सांगणाऱ्या पानांवर. अमेरिकेत डेबोरा ब्रूक्स आणि मायकेल मुरोव्ह यांनी दाखवलं होतं की अनोळखी गटाने केलेली टीकेची जाहिरात उमेदवाराने स्वतः केलेल्या जाहिरातीपेक्षा जास्त परिणाम करते, कारण तिचा दोष कोणाच्या माथी मारावा हे बघणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडेही गणित तेच, वर खर्चही कोणाच्या खात्यात पडत नाही. आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच समाजमाध्यमांवरचा खर्च, त्यासाठी ठेवलेल्या माणसांच्या पगारासकट, हिशेबात धरायला सांगितलं होतं. नोंदवहीत हा रकाना किती उमेदवार भरतात ते एक रुपया भरून पाहून या.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढंच: तिथे जाहिरात लायब्ररी नाही, गटात शिरून गुपचूप माहिती गोळा करणं अनैतिक आहे, आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच गटांवर काम करा.

देणग्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा साठा म्हणजे निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देता येणारी देणगीपत्रं. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेली ही योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. स्टेट बँकेने न्यायालयात सांगितलं की एप्रिल २०१९ पासूनच्या काळात २२,२१७ रोखे विकले गेले आणि २२,०३० वटवले गेले. १४ मार्च २०२४ ला आलेल्या दोन याद्या निरुपयोगी वाटत होत्या. एकीत घेणारे, दुसरीत पक्ष, मधला दुवा गायब. आठवड्याने रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले आणि याद्या जुळल्या. त्या रात्री माझ्या दोन विद्यार्थिनी आणि मी पहाटेपर्यंत क्रमांक जुळवत होतो. इतकी वर्षं अंदाजाने बोलत होतो ते पहिल्यांदा ओळीने समोर होतं, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

पण या माहितीवर सगळ्यात कच्चं काम झालं आहे. ‘छापा पडला, महिन्याने रोखे घेतले’ किंवा ‘रोखे घेतले, मग कंत्राट मिळालं’ अशी जोडी दाखवली की लोक थांबतात. वार्ताहराने ती दाखवायलाच हवी होती. संशोधकाला मात्र पुढे जावं लागतं. छापा पडला पण रोखे घेतले नाहीत अशा कंपन्या किती? कंत्राट मिळालं पण देणगी दिलीच नाही असे किती? तो दुसरा गट उभा केल्याशिवाय तुमचा निष्कर्ष कोर्टात सोडाच, तोंडी परीक्षेतही टिकणार नाही. आणि रोखे म्हणजे सगळा पैसा नव्हे. इलेक्टोरल ट्रस्ट आहेत, म्हणजे कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, आणि २०,००० रुपयांपर्यंतच्या देणग्यांचे दाते पक्षाला आजही सांगावे लागत नाहीत. २०१७ मध्ये रोख देणगीची मर्यादा २,००० वर आणली गेली, नाव सांगण्याची मर्यादा मात्र तिथेच राहिली.

पैशाचा सगळ्यात खोल परिणाम मतदानाच्या दिवशी होतच नाही, असं माझं मत बनलं आहे. तो तिकीटवाटपाच्या वेळी होतो. एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेने उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून केलेल्या विश्लेषणानुसार लोकसभेतल्या कोट्यधीश खासदारांचं प्रमाण २००९ मध्ये ५८ टक्के होतं, २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३ टक्के. महागाईने थोडा फरक पडला असेल, पण इतका नाही. पक्ष स्वतःचा खर्च स्वतः उचलू शकणारा माणूस शोधतो. पंचायत समितीत पंधरा वर्षं राबलेली, लोकांना नावानिशी ओळखणारी बाई मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडते आणि पहिला प्रश्न ‘किती लावू शकता?’ असा होता म्हणून सांगते. मी अशा किती जणींशी बोलले आहे. त्यांची नावं कोणत्याही मतपत्रिकेवर नाहीत, म्हणून त्या कोणत्याही आकडेवारीत नाहीत. तुम्हाला विषय निवडायचा असेल आणि माझं ऐकणार असाल, तर हा निवडा: तिकीट न मिळालेले. त्यांच्याकडे बोलायला वेळ असतो, लपवायला फारसं नसतं, आणि कोणीही त्यांना विचारलेलं नसतं.

मुलाखती घेताना ‘किती’ हा शब्द पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. नोंदवहीत खऱ्या नावाऐवजी खुणा वापरा, गावाचं नाव वेगळ्या वहीत, आणि ती वही वेगळ्या घरात. कार्यकर्त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या गावात पोचलं तर तुमचा प्रबंध होईल, त्याची मात्र पुढची कित्येक वर्षं वाया जातील. विद्यापीठाच्या नैतिक समितीचा अर्ज भरला म्हणजे ही जबाबदारी संपत नाही.

आणि वेळापत्रक आखताना निकालानंतरचे दोन महिने मोकळे ठेवा. सगळे संशोधक मतदानाआधी फिरतात, निकाल लागला की परततात. खरं तर तेव्हा माणसं बोलतात, कारण बिलं अडकलेली असतात. एका मंडपवाल्याने मला आपल्या दोन वह्या दाखवल्या होत्या. एकीत निवडणूक कार्यालयासाठी काढलेली पक्की बिलं, दुसरीत पेन्सिलीने लिहिलेला खरा हिशेब. जिंकलेल्याची बाकी तीन महिन्यांत फिटली होती. पडलेल्याच्या पानावर पुढल्या ओळी कोऱ्या होत्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुढच्या निवडणुकीत वळती.